पाळण्यात बसलेले चौदा किलो कांदे

"ओ बाबा! ती गोणी आधी खाली उतरवा! पाळण्यात माणसं बसतात, कांदे नाही!"

घाटाखालच्या त्या पार्कातला रखवालदार शिट्टी हातात घेऊन बोंबलत होता. आमचे मामेसासरे मात्र कांद्याच्या गोणीला पट्टा आवळून, तिच्या डोक्यावरची गुलाबी टोपी सारखी करत त्याला समजावत होते, "वरडू नको रे भाऊ, घाबरंल ती. तिचं तिकीट काढलंय आपण." मी नाशिकहून केवळ एक विशिष्ट अशोकाचं झाड बघायला आलो आहे, असा चेहरा करून त्या झाडाकडे बघत होतो.

माझ्या बायकोच्या या मामांसारखा माणूस, गोदावरी नाशकातून वाहायला लागल्यापासून दुसरा झालेला नाही. लासलगावच्या कांदा मार्केटात पस्तीस वर्षं त्यांनी मापाडी म्हणून काढली. हाताचाच काटा झालेला. माणूस भेटला की लोक नमस्कार करतात, मामा उचलतात. माझ्या लग्नात गळ्यात हार पडला न पडला तोच त्यांनी मला मिठी मारून चार बोटं वर उचललं आणि बेंजोवाल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "एकसष्ट! वाळवून साठ!" मुलाच्या लग्नात ते विहीणबाईंकडेही वळले होते. मामींनी मागून सोगा घट्ट धरला म्हणून ती सोयरीक टिकली. आवाज असा की लासलगावात त्यांनी वजन सांगितलं की येवल्यात लोक लिहून घ्यायचे.

त्यांची नात चिमी पाच वर्षांची. तिला रक्ताचा कॅन्सर झाला, आणि मामा लासलगावचं घर बंद करून नाशकात इंदिरानगरला मुलाच्या फ्लॅटवर येऊन राहिले. दवाखान्यातल्या टीव्हीवर चिमीने त्या पार्कची जाहिरात पाहिली आणि सुई टोचणाऱ्या डॉक्टरांनाच विचारलं, "मी इथे कधी जाऊ?" डॉक्टर म्हणाले, "रक्ताचे आकडे वर येऊ देत, वजन टिकू दे, मग एक दिवस जा. पण गर्दी नको आणि धक्के नकोत." घरातल्या सगळ्यांनी "जा" एवढंच ऐकलं. मामांनी "धक्के" ऐकलं.

"कोणता खेळ किती आदळतो, हे डाक्टरला काय ठाव?" ते मला म्हणाले. "जावईबापू, ते कांद्याला इचारायचं. आदळलेला कांदा वरून ठणठणीत दिसतो, आन आठ दिसांत मऊ पडतो. आपण आधी कांदा फिरवून आणू."

मला वाटलं, थट्टा चालली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चिमीला उचललं, डोळे मिटले, "चौदा" म्हणाले आणि अंदाजाने तेवढी गोणी भरली. मी चोरून ती कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवली. चौदा किलो वीस ग्रॅम! मी गार पडलो. मामा म्हणाले, "ईस ग्राम त्याच्या काट्यात फरक हाय, सांगा त्याला."

तर पार्कात रखवालदार पार पट्टा सोडायला आला, तेव्हा मामांनी त्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही. रखवालदाराचा चेहरा तेवढा दिसला. त्याने शिट्टी खिशात घातली, गोणीचा पट्टा स्वतः आणखी एक घर आवळला आणि म्हणाला, "बाबा, आगगाडीतपण बसवा तिला. ती हळू जाते." अख्खी दुपार आम्ही ती गोणी पाच खेळांत फिरवली. मला प्रत्येक खेळात उलटी आली, गोणीला एकदाही नाही. खेळ संपला की मामा गोणीतला एक कांदा काढायचे आणि त्यावर मार्करने खेळाचं नाव लिहायचे.

ते पाच कांदे चिमीच्या खिडकीत मांडले गेले. रोज सकाळी ती ते बोटाने दाबून बघायची. सहाव्या दिवशी तिने दवंडी पिटली, "आबा, होडी मेली!" पाळणाही पाठोपाठ गेला. आठ दिवसांनी आगगाडी आणि घोड्यांचं चक्र एवढे दोनच कांदे टणक उरले. मामा म्हणाले, "ठरलं. दोन खेळ."

पण जाण्याचा दिवस काही ठरेना. कधी ताप, कधी आकडे खाली. एका दुपारी मी गेलो, तर मामा बाल्कनीत गोणीपाशी उकिडवे बसलेले. त्यांनी दोन कांदे बाहेर काढले, गोणी उचलून पाहिली, आणखी चार काढले.

"काय मामा, आज भजी का?" मी जोरात विचारलं.

"तेरा झाली," ते म्हणाले.

माझं हसू तोंडातच राहिलं. हा माणूस रोज सकाळी नातीला उचलत होता आणि गोणी तिच्याइतकी करून ठेवत होता. पुढच्या पंधरवड्यात ती बारावर आली. येवल्यापर्यंत आवाज जाणाऱ्या मामांनी तो आकडा मला इतका हळू सांगितला, की मला खाली वाकावं लागलं. "घरात बोलू नका," म्हणाले. "त्यांना दवाखान्याच्या काट्यावर कळंल तवा कळंल."

मग एके दिवशी ऑफिसात, साहेबांची मीटिंग चालू असताना, फोन आला. मी कानाला लावण्याआधीच तो साऱ्यांना ऐकू गेला, "जावईबापू! आज एक कांदा आत टाकला!" मी खुर्चीवरून उठून टाळी वाजवली. साहेबांना वाटलं, त्यांच्या भाषणाला.

तेरा झाली, साडेतेरा झाली, आकडेही वर आले, डॉक्टरांनी मान डोलावली. शाळा चालू असतानाचा मंगळवार गाठून, तोंडाला मास्क आणि डोक्याला तीच गुलाबी टोपी घालून चिमी पार्कात गेली. आगगाडी आणि घोड्यांचं चक्र. तिसरं काही नाही. मला रजा मिळाली नाही.

बुधवारी सकाळी मी धावत फ्लॅटवर गेलो. चिमी झोपली होती. बाल्कनीत रिकामी गोणी घडी करून ठेवलेली, आणि मामा उन्हात बसून आपल्या तळहातांकडे बघत होते. मी बुटांसकट आत घुसलो.

"मामा, सांगा! काल पार्कात किती भरली?"

मामा म्हणाले, "उचललीच नाय. चालत होती."