आईने ओळखलेलं मशरूम कोरल

मंडळी, आज माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला एक मासा वाचला, आणि तो वाचवला धनजहून आलेल्या माझ्या आईने.

महिन्याभरापूर्वी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आज वाशीमला डोळे तपासून ती माझ्याकडे आली आणि टाकीसमोर खुर्ची ओढून बसली. मी दाखवत गेले, "आई, ही सगळी मशरूम कोरल, अळंबीसारखी दिसणारी जिवंत प्रवाळं. हे गुळगुळीत, हे मण्यामण्यांचं, आणि ते ताटलीएवढं आहे ना, तेही गुळगुळीतच, फक्त वाढलंय."

"नाई वं. याच्या अंगावर बारीक दाणे हायेत, अन् कडेले कोरा पट्टा हाय. हे येगळं हाय."

मी हसले आणि चहा ठेवायला आत गेले. तेवढ्यात हाक आली, "अवं धाव! ते थैलीसारखं मिटून राह्यलं, मासोळी आत हाय!"

खरंच माझा केशरी मासा आत अडकला होता. मी हळूच कड उचलली, तसा तो सुळकन बाहेर आला.

मग फोनवर शोधलं. ते निघालं एलिफंट इअर, लहान मासे गिळणारं मशरूम कोरल! ओळखायची खूण तोच कोरा पट्टा.

आई मात्र त्या कोरलकडे बघून मलाच रागावली, "याले उपाशी ठेवतं का वं तू?"

दोन वर्षं झाली टाकीला. तिला यातलं काय कळणार, म्हणून मी कधी नीट दाखवलीच नव्हती. तुमच्या घरात असं कोणाला काही दाखवायचं राहून गेलंय का?