आर्डिसच्या रिव्हॉल्व्हरचे सहा गळे

आर्डिस टॉर्गर्सनच्या पर्समध्ये शुक्रवारपासून एक पत्र घडी करून ठेवलेलं होतं. चारच ओळी. तब्येतीच्या कारणास्तव शाळेच्या बसवरची नोकरी सोडते आहे, एवढंच. सोमवारी सकाळी ते ऑफिसात द्यायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. बावीस वर्षं मोंटानातल्या त्या खडीच्या रस्त्यांवरून बाईनं पिवळी बस हाकली, बर्फात हाकली, चिखलात हाकली, आणि एकाही पोराला साधं खरचटू दिलं नाही. आता का सोडायची? तर म्हणे हात थरथरतो. तिचा हात थरथरताना गावात अजून कुणी पाहिला नव्हता, पण तिनं स्वतः निकाल लावून टाकला होता.

अर्थात, बाई उगाच घाबरणाऱ्यातली नव्हती. तिच्या बापाला, आयव्हरला, साठीत कंपवात झाला, आणि त्याची पहिली खूण दिसली ती नेमबाजीच्या मैदानावर. मुठीएवढ्या जागेत सहा भोकं पाडणारा माणूस, त्याची भोकं कागदभर पसरायला लागली. दोन वर्षांत त्याला सूपचा चमचा तोंडापर्यंत नेता येईना. आता आर्डिस एकसष्टची. बापाचंच जुनं रिव्हॉल्व्हर ती चालवायची, आणि एप्रिलपासून तिचीही भोकं तशीच पसरायला लागली होती. नेमबाजीच्या क्लबातले लोक तोंडावर काही बोलत नसत. उलट सगळे तिच्याशी फार गोड वागायला लागले होते, आणि तेच तिला जास्त लागत होतं.

शनिवारी दुपारी ती रिव्हॉल्व्हर, काडतुसं आणि उरलेल्या सुट्या गोळ्या टॉवेलात गुंडाळून डेलमार क्रूपाच्या शेडवर गेली. डेलमारनं तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात लेथ चालवलेली. म्हातारा तिरसट, पण मनाचा साफ.

"घे, तुला ठेव," ती म्हणाली. "मला आता याचा उपयोग नाही."

"का गं? सोवळं नेसलीस?"

"चेष्टा नको, डेलमार. बाबांसारखंच सुरू झालंय. एप्रिलपासून एक गोळी धड लागत नाही. गुरुवारी डॉक्टरची वेळ घेतलीय."

डेलमारनं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग तिची काडतुसं घेतली, शेडमागच्या मातीच्या बांधावर शेवटचा उरलेला कागद लावला, वाळूच्या पिशवीवर रिव्हॉल्व्हर टेकवलं आणि स्वतः सहा बार काढले. भोकं कागदभर! एक तर कोपरा फाडून गेलं होतं.

"झालं! म्हणजे मलाही कंपवात," तो म्हणाला. "चल, दोघं मिळून एकाच डॉक्टरकडे जाऊ."

डेलमारचा हात म्हणजे दगड, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"एप्रिलच्या आधी काय बदललंस, ते सांग."

"काही नाही. म्हणजे... गोळ्या. क्लबनं सगळ्यांसाठी मिळून तयार गोळ्या मागवल्या. मीही घेतल्या. बाबांच्या साच्यात शिसं ओतून घरी गोळ्या करायचं बंद केलं. धूर होतो, वेळ जातो."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस!"

त्यानं रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर बाहेर काढून टेबलावर ठेवलं. सहा घरं, आणि प्रत्येक घराच्या पुढच्या टोकाला गोळी बाहेर पडते ती अरुंद वाट. बंदूकवाले तिला गळा म्हणतात. डेलमारनं क्लबची एक सुटी गोळी पहिल्या गळ्यात पुढून सोडली. टप्प! सरळ आरपार टेबलावर. दुसऱ्या गळ्यात, तिसऱ्यात, सहाही गळ्यांत तेच. मग त्यानं मायक्रोमीटर लावला.

"इंचाच्या चार सहस्रांशानं बारीक. गळा एवढा ढिला असला की गोळी वाकडी होऊन नळीत शिरते. मग ती कुठे जाईल ते तिलाच माहीत नाही, तुला काय कळणार? बाकीच्यांची रिव्हॉल्व्हरं नवी, त्यांचे गळे अरुंद, त्यांना ही गोळी बरोबर बसते. हे तुझ्या बापाचं जुनं धूड. याला जाड गोळी लागते. आयव्हरच्या साच्यातली आहे का एखादी?"

होती. कॉफीच्या डब्यात अकरा गोळ्या, बापाची आठवण म्हणून गॅरेजमध्ये ठेवलेल्या. आर्डिसनं ट्रक असा पळवला की बसमध्ये असं वागली असती तर तिला खरंच नोकरीवरून काढलं असतं.

बापाची गोळी गळ्यात अडकून राहिली. अंगठ्यानं जरा दाबल्यावर सावकाश पलीकडे गेली. डेलमार लहान मुलासारखा हसला आणि सहा काडतुसं भरायला बसला.

"कागद आहे का एखादा? माझे संपले."

आर्डिसनं पर्स उघडली. मग तिनं ते पत्र काढलं, उलटं केलं, कोऱ्या बाजूवर कप ठेवून पेनानं गोल काढला आणि स्वतःच जाऊन बांधावर ठोकून आली.

या खेपेला तिनं पिशवी नको म्हटलं. उभं राहून, दोन्ही हातांनी धरून, सहा बार काढले. पाच भोकं गोलात, आणि एक बाहेर.

"बाहेरची माझी," ती म्हणाली.

"तुझीच. एप्रिलपासून रडत बसलीस तर एवढी चुकणारच." मग तो जरा गंभीर झाला. "हे बघ, मी काही डॉक्टर नाही. गुरुवारी वेळ घेतली आहेस ना? जाऊन ये. पण या पिस्तुलाची साक्ष काढून स्वतःला शिक्षा करू नकोस."

रविवारी चर्चहून आल्यावर तिनं गॅरेजचं दार सताड उघडलं आणि शेगडी पेटवली. शिसं वितळलं, वरची मळी काढली. बापाची लोखंडी पळी खिळ्याला तशीच होती. आयव्हरनं ती ज्या दिवशी टांगली तो दिवस तिला लख्ख आठवत होता. पळीतलं तापलेलं शिसं त्याच्या बुटावर सांडलं होतं, आणि त्यानंतर त्यानं पळीला कधी हात लावला नाही.

तिनं पळी काठोकाठ भरली. मुद्दामच. साच्याच्या बारीक भोकावर नेली आणि ओतली. साचा भरला. खाली फरशीकडे पाहिलं, तर एक थेंब सांडला नव्हता. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. आठव्या गोळीला तिला रडू आलं आणि नववी बिघडली, पण ती डोळ्यांमुळे.

सोमवारी पावणेसातला पिवळी बस पहिल्या पोराच्या घराच्या फाटकापाशी उभी होती.