आम्ही मामांचा श्वास मोजायचो

मामा उभ्या उभ्या झोपत. सेलूच्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवता जुळवता त्यांची मान छातीवर पडे. चिमटीतला खिळा मात्र पडत नसे. विद्यापीठ नामांतराच्या चळवळीची आमची पत्रकं तेच जुळवायचे. माझा मजकूर पाहून म्हणायचे, "उद्गारचिन्हं संपली बाबा. आता जरा हळू बोला."

दुपारी कागदाच्या गठ्ठ्यांवर आडवे झाले की मशीनच्याही वर त्यांचं घोरणं ऐकू यायचं. मग एकदम बंद. पोट हलायचं, श्वास मात्र नाही. मशीनवाला मोजायचा, आम्ही चहाची पैज लावायचो. तिसाच्या पुढं मामा विहिरीतून वर आल्यासारखे धापकन श्वास घ्यायचे आणि आम्ही टाळ्या पिटायचो. मीही. अन्यायावर चार-चार पानं लिहिणारा मी!

त्यांचं ब्लडप्रेशर गोळ्यांनी उतरत नव्हतं. सकाळी डोकं ठणकायचं, डोळे लाल. सगळ्यांचा एकच संशय: चोरून लोणचं खातात. मामींनी बरणी कुलपात ठेवली. "मिठाचा खडा शिवला न्हाई रे," मामा काकुळतीला यायचे. मी उलट त्यांनाच संयमावर भाषण दिलं.

शेवटी परभणीला एका नव्या डॉक्टरांकडे नेलं. बाहेरच्या बाकावरच मामांना झोप लागली आणि श्वास अडकला. डॉक्टर दारात थिजले. "असं नेहमी होतं?"

"लय वेळा. चाळीसपर्यंत जातंय," मी फुशारकीनं सांगितलं.

"तुम्ही मोजत होता?"

ते ओरडले नाहीत, तेच वाईट. झोपेत श्वास अडकला की दर वेळी प्रेशर उसळतं, म्हणाले; रात्रभर हेच चाललं तर ते दिवसाही उतरत नाही, नुसत्या गोळ्या काय करणार? मुंबईला तपासणी करा. तोवर कुशीवर झोपवा.

परतीच्या एसटीत मामांची मान मागं पडली. घोरणं थांबलं. मी त्यांना गदागदा हलवलं.

"आलं का सेलू?"

"न्हाई मामा."

"मग उठवायलास कशाला? झोपू दे की."

मामींना मी डॉक्टरांची चिठ्ठी दिली, कुशीवर झोपवा म्हणालो. श्वास अडकतो हे सांगितलं नाही. 'तुला कधीपासून माहीत?' असं त्यांनी विचारलं असतं.

मुंबईला जायचं ठरेठरेपर्यंत मामा गेले. झोपेतच. मामी भिंतीला टेकून येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगत होत्या, "घोरणं थांबलं. मला वाटलं, लागली एकदाची शांत झोप."