चांगला कान

माझा डावा कान मशीन लावूनही नावालाच आहे. ते मशीन तपासणाऱ्या मॅडम प्रत्येक गोष्ट आधी सांगून करतात. "काका, दिवा लावते. काका, कान जरा ओढते." तरी मी खुर्ची घट्ट धरून बसतो.

परवा उजव्या कानात मळ दाटला. बायकोचं बोलणं ऐकू येईना आणि मला चक्क करमेना. मॅडमनी आत पाहिलं आणि न सांगताच दिवा बंद केला.

"काढून टाका ना," मी म्हणालो.

त्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाल्या, "नाही काका. ऐकू येणारा हा एकच कान. अशा कानाला आम्ही हात लावायचा नाही, नियम आहे. डॉक्टरांकडेच जा."

"घाबरलात?"

"हो. तुम्हीही घाबरा. घरी काडी घालू नका."

खाली उतरलो, तर कॉलेज रोडवर रिक्षाचा हॉर्न पुसट ऐकू आला. मी तिथेच थांबून तो पुन्हा वाजायची वाट पाहिली.