शेडकार्डावरचं पाणी

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुणाविषयी लिहिण्याइतकी माझी तयारी नाही, चुकलं तर माफ करा.

दुपारी मी बुधवार पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानात बसतो. शेजारच्या टूर ऑफिसात एक मॅडम होत्या, त्या लक्षद्वीपच्या सहली विकायच्या. कुणी महाग म्हटलं की म्हणायच्या, "अहो, बेटांवरच्या कवड्या पूर्वी इकडे नाणी म्हणून चालायच्या. स्वस्त हवं होतं, तर तेव्हा यायचं."

सहलीहून परतलेल्यांपुढे मात्र त्या रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड धरायच्या. "पाणी यातलं कुठलं?" प्रत्येकाचं बोट वेगळ्याच निळ्यावर पडायचं. त्या थक्क होऊन बघत राहायच्या, आणि मीही.

विमानाच्या भीतीने त्या स्वतः कधी गेल्या नव्हत्या. निवृत्त झाल्या तेव्हा कार्ड पर्समध्ये टाकत एवढंच म्हणाल्या, "बघू."

पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. काल फोन आला. रेल्वेने कोची आणि तिथून जहाजाने त्या बेटावर पोचल्या होत्या.

"मॅडम, कुठला रंग निघाला?"

फोनमागे लाटा ऐकू येत होत्या.

"अरे, कार्ड पर्समध्येच राहिलं. काढायचं सुचलंच नाही."