भाऊमामाचा घसा

भाऊमामा गेल्याचा फोन मामीनं स्वतः केला. "गेले गो तुझे मामा," एवढंच म्हणाली आणि बोरीवलीला ये म्हणून सांगितलं. वय झालं होतं, तब्येत बरेच दिवस खालावली होती, त्यामुळे तसा धक्का बसला नाही. तो बसला नंतर, मामाच्या बँकेतल्या युनियनच्या जुन्या मंडळींनी ठेवलेल्या शोकसभेत. एक वक्ते म्हणाले, "भाऊंनी कामगारांसाठी आपला घसा दिला!" हॉलभर माना हलल्या. माझीही हलली... आणि तेव्हापासून मला माझीच लाज वाटते आहे. कारण भाऊमामाच्या घशाला उभ्या आयुष्यात काही झालं नव्हतं. हे मामीला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या सुहासलाही माहीत होतं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मामा अंधेरीच्या एका बँकेत क्लार्क होता आणि शाखेतल्या युनियनचा सेक्रेटरी. गेटवर तो बोलायला उभा राहिला की चहावालासुद्धा किटली खाली ठेवायचा. बँकेत कॉम्प्युटर येणार अशी हवा होती, आणि एक मशीन आलं की दहा जणांच्या पोटावर पाय येणार, हे मामाच सगळ्यांना ठासून सांगत होता. मी नेमकी तेव्हाच कांदिवलीच्या एका छोट्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायला लागले होते. "भाची गेली शत्रूच्या गोटात," असं तो घरी सगळ्यांसमोर चिडवायचा. आणि एका रविवारी बघते तर हाच माणूस क्लासच्या जिन्यात उभा! "शिकव. ज्याच्याशी भांडायचं त्याचं तोंड तरी बघू दे. पण कोणाक सांगू नको हां." बोरीवलीत राहणाऱ्या माणसानं बोरीवलीतले क्लास सोडून कांदिवली का गाठली, ते मला कळलं. आत मात्र त्याच्याच शाखेतला नवा क्लार्क, सुहास, आधीच येऊन बसलेला. दोघंही एकमेकांकडे बघून थिजले. मग मामाच म्हणाला, "मी तुला बघितलं नाही, तू मला बघितलं नाहीस. काय?" सुहास हसून म्हणाला, "कोण बोलतंय? इथे तर कोणीच दिसत नाही, भाऊ." मशीनं कमी, म्हणून दोघांत एक दिलं मी.

मशीनकडून पडद्यावर छापून घ्यायचा मजकूर दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये लिहायचा, हा आमचा पहिला धडा. मशीनला मराठी येत नव्हतं, तेव्हा मामानं इंग्रजी अक्षरांत आपल्या भाषणातली ओळच घातली: साहेब म्हणतात, "मशीन येणार". साहेबांच्या बोलण्याआधीचं चिन्ह दिसताच मशीनला वाटलं, मजकूर संपला. पुढचं सगळं त्यानं चूक ठरवलं. मामा उखडला. "अरे, माझं बोलणं संपलं हे याला कोणी सांगितलं? मी मध्येच दुसऱ्याचं सांगतोय!" मी समजावलं की मशीनला ते कळत नाही. चिन्ह छापायचं असेल तर आपलं वाक्य तिथे मिटायचं, त्या चिन्हाचा मशीनमधला नंबर, चौतीस, द्यायचा, आणि अधिकचं चिन्ह घालून पुढचं वाक्य जोडायचं. मामाला ते भलतंच आवडलं. पुढे दोघांनी आपली पद्धत काढली. मामा मोठ्यानं ओळ सांगायचा, चिन्ह आलं की "उघड" म्हणायचा, आणि सुहास टाइप करता करता डाव्या हाताचं एक बोट टेबलावर टेकवायचा. "मीट" म्हटलं की बोट उचलायचं. ओळ संपली आणि बोट टेकलेलंच राहिलं, की मामाची टपली बसलीच. मी इतक्या जणांना शिकवलं, पण इतकं हसत शिकणारी जोडी पुन्हा पाहिली नाही.

मग बँकेनं कॉम्प्युटर ट्रेनिंगसाठी सुहासचं नाव लावलं आणि त्यानं होकार दिला. गेट मीटिंग ठरली. मामानंच मला बोलावलं होतं, "ये गो ऐकायला." मामा स्टुलावर चढला. सुरुवात झकास झाली. साहेब काय म्हणतात, त्यावर आपण काय म्हणतो... टाळ्याच टाळ्या. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "आणि सुहासचं काय ते बोला, भाऊ!" मामा थांबला. मला वाटलं, आता सांगेल. मीही शिकतोय म्हणेल, वाट लागली तर लागली. त्यानं एकदा गर्दीकडे पाहिलं आणि हात उंचावून म्हणाला, "सुहास म्हणतो, तुम्ही सगळे घरी बसलात तरी चालेल, माझी बढती झाली पाहिजे!"

सुहास असलं काही कधीच म्हणाला नव्हता. पण "गद्दार, गद्दार" सुरू झालं. कोणीतरी त्याला ढकललं, चष्मा पडला. सुहासनं तो उचलला, पुसला आणि मामाकडे पाहिलं. त्याचं एक वाक्य पुरलं असतं. तो बोलला नाही. मामानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान फिरवली. आपल्याच माणसाची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

रविवारी सुहास क्लासला आला. शेजारची खुर्ची रिकामी ठेवून बसला. मामा आला नाही, पुन्हा कधीच आला नाही. मी बोरीवलीला गेले तर हा घरात खड्या आवाजात भजन म्हणत होता. मला पाहून गप्प झाला. "घसा बसलाय," म्हणाला.

"आत्ता तर गात होतास!"

"भाषणापुरता बसलाय."

"मामा, सुहासकडे जा. माफी माग."

"काय तोंडानं जाऊ गो?" तो खाली बघत म्हणाला.

त्यानंतर तो गेटवर कधी बोलला नाही. गळ्याला करड्या रंगाचा मफलर आला, तो भर मे महिन्यातही. लोक हळहळायचे, ज्येष्ठमध आणून द्यायचे. चारचौघांत मामी त्याला मिठाचं पाणी करून द्यायची, आणि तो ते मोरीत ओतून यायचा. बँकेत मशीनं आलीच. नोकरी कोणाची गेली नाही. मामा निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या सभेत नुसते हात जोडून बसला. सुहास मोठ्या हुद्द्यावर पोचला होता, हार त्यानंच घातला. तेव्हाही मला वाटलं, आता तरी... पण मामानं गळ्याकडे बोट दाखवलं.

शोकसभा संपल्यावर मी सुहासला गाठलं. केस पांढरे झालेत, मला मात्र अजून मॅडमच म्हणतो. "तुम्ही दोन शब्द बोलला नाहीत?" मी विचारलं.

"त्या दिवशीही नाही बोललो, मॅडम," तो म्हणाला. "वाटलं, आपण भाऊंना वाचवलं. तेव्हा बोललो असतो ना, तर चार दिवस शिव्या खाऊन सुटले असते बिचारे."

मफलर मामीनं माझ्याकडे दिलाय. "ह्येचा काय ता तूच बघ," म्हणाली. युनियनच्या ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवायचाय म्हणून तिथून फोन येतात. खाली पाटी लावणार आहेत. मला खरं काय ते सांगायचं असतं, शब्दही जुळवलेले असतात. पलीकडून आवाज येतो, "ताई, भाऊंचा मफलर?"

"धुवायला टाकलाय," मी म्हणते.