हिमनदीचं तळं आणि आमचं बावखल

वटारहून निघालो तेव्हा आमच्या वाडीतलं बावखल (गोड्या पाण्याचं लहान तळं) शाबूत होतं. ते बुजवून जागा बिल्डरला द्यायच्या कागदावर थोरल्या भावाने, दादाने, सही केली होती आणि त्याखाली मी. भराव पडताना बघायला नको म्हणून मी हिमालय गाठला. घरी सांगितलं, हवापालट.

मनालीहून रोहतांग ओलांडलं की झाडं संपतात. दोन दिवस दगड, धूळ आणि तिन्हीत्रिकाळ मॅगी. डोकं ठणकत होतं आणि जीपमधली मंडळी अंताक्षरी खेळत होती. शेवटी पायी चढून तळ्याशी पोचलो. वर मळकट हिमनदी, तिचं पाणी दगडांतून झिरपत येतं, आणि खाली हे निळंहिरवं तळं. त्याचं नाव मुद्दाम देत नाही. नाव कळलं की बस सुरू होतात.

आमच्याकडे बाहेरून आलेला माणूस आधी बावखलावर पाय धुतो. सवयीने मी बूट काढून पाण्यात उतरलो.

"पैर बाहर!" एक म्हातारा मेंढपाळ ओरडला. इथे पाणी भांड्यात घेऊन बाजूला जायचं, पाय बुडवायचा नाही. मी ओशाळून माफी मागितली. त्याने खारट चहा दिला आणि विचारलं, "आपके यहाँ ताल है?"

"है. मीठा पानी. बाजू में केले का बाग."

"फिर तो संभालते होंगे."

मला मान वर करवेना. सही मागे घ्यायची, असं तिथेच ठरवलं.

मनालीला उतरल्या उतरल्या एसटीडी बूथ गाठला. दादाच्या आवाजामागे इंजिन धडधडत होतं.

"पहिलाच डंपर आलाय. अजून रिकामा केला नाय. थांबवू काय? बोल ना!"

त्याला थांबवायचंच होतं. फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर बिल्डरकडून मिळणारा, मुलाला कबूल केलेला फ्लॅट आला.

"आल्यावर बघू," मी म्हणालो.

"आल्यावर काय बघशील?" त्याने फोन ठेवला.

परतलो तेव्हा मुरमावर रोलर फिरून झाला होता. दादा फोटो बघायला फिरकला नाही. शेजारीपाजारी मात्र आले. हिमनदीच्या तळ्यावर मी छत्तीसचा अख्खा रोल संपवला होता. बावखलाचा फोटो घरभर शोधला. एकही निघाला नाही.